खाडी, मनोरा आणि छायाचित्र



मी ज्या जासई गांवचा, तो गांव आपणांपैकीं पुष्कळांनीं उरणच्या वाटेवर धांवत्या गाडींतून पाहिला असेल. आज तेथें नजरेंत भरतात त्या मालमोटारींच्या रांगा. माझ्या लहानपणीं मात्र ओटीवरून भातशेतें, पुढें मिठागरांतले पांढरे ढीग आणि पलीकडे खाडी दिसे. पुढें नव्या मुंबईसाठीं जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारींत त्यांच्या रास्त मोबदल्यासाठीं या भागांतल्या पांच जणांनीं प्राण दिले. १९८९ सालीं बंदर सुरू झालें. आमच्या घरीं लग्नकार्यांचीं छायाचित्रें पेटीभर आहेत. त्या शेताचें एकही नाहीं. रोज दिसणाऱ्या वस्तूचें चित्र कोण काढून ठेवतो? माझ्या छंदाचा उगम या हळहळींत आहे.

छायाचित्रण म्हणजे महागडीं यंत्रें जमविणें, असा एक समज आहे. वास्तविक हा छंद वाट पाहण्याचा आहे. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, त्या काळीं जड पेटी आणि कांचा वाहून न्याव्या लागत. आज कॅमेरा खिशांतल्या दूरध्वनींत असतो. वाट पाहणें मात्र चुकलेलें नाहीं. समुद्राचेंच घ्या. भरती रोज सुमारें ५० मिनिटें उशिरां येते. तिथी पाहून घराबाहेर पडलें, तर ओहोटीनें उघडा पडलेला चिखल, त्यांतल्या पाण्याच्या रेघा आणि चरणारे पक्षी सकाळच्या तिरप्या उजेडांत सांपडतात. वेळ हुकली तर हातीं येतें नुसतें राखी पाणी.

जुन्या चर्चांचेंही तसेंच. रेवदंड्याच्या कोटांत, नारळी-पोफळींच्या वाड्यांमध्यें, फ्रान्सिस्कन मठाचा उंच मनोरा उभा आहे. लोक त्यास सातखणी म्हणतात. हें ठाणें १७४० सालीं पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आलें. मनोऱ्याच्या पायथ्याशीं उभें राहून कॅमेरा वर केला, कीं भिंती मागें कलंडल्यासारख्या दिसतात. म्हणून मी मागें सरत सरत एका वाडींत शिरलों. वाडीचे मालक म्हणाले, "ह्या पडक्या दगडांचं काय काढतां? काढायचंच तर आमच्या आईसकट काढा." त्यांची वृद्ध आई सुपाऱ्या सोलीत बसली होती. मीं तसें चित्र घेतलें, आणि मनोऱ्याची उंची माणसाच्या मापानेंच कळते हें त्या दिवशीं उमजलें. पुढल्या खेपेस प्रत घेऊन गेलों, तेव्हां आई राहिल्या नव्हत्या. मालकांनीं तें चित्र बराच वेळ पाहिलें आणि एवढेंच म्हणाले, "मागचा मनोराही बरा आला आहे."

कुंडलिकेच्या मुखापलीकडे कोर्लई आहे. किल्ल्याच्या टेकडीवरून एका अंगास समुद्र, दुसऱ्या अंगास खाडी दिसते. खालच्या ख्रिस्ती वस्तींत पोर्तुगीजपासून घडलेली एक बोली अजून बोलली जाते. ती मात्र कोणत्याही चित्रांत येत नाहीं. ती कानांनींच टिपावी लागते.

तेव्हां रम्य स्थळें शोधीत दूर अवश्य जावें. पण पहिलें चित्र आपल्या खिडकींतून दिसणाऱ्या झाडाचें घ्यावें, पाठीवर तारीख घालावी, आणि वर्षानें त्याच जागीं उभें राहून दुसरें घ्यावें. दोहोंत जो फरक पडेल, तो आपल्या घराचा इतिहास होय. माझ्या पेटींत त्याचें पहिलेंच पान कोरें राहिलें आहे.