आमचा हापूस शोधणाऱ्याला सापडावा कसा?



ऐन हंगामात, घरोघर आंब्याची आढी घातलेली असताना, आपण यंत्राच्या गोष्टी ऐकायला आलात, हे आम्ही आमचे भाग्य समजतो. तसा विषय आंब्याचाच आहे.

वाशीचा दलाल सांगेल तो भाव नको, म्हणून आपल्यापैकी अनेक बागायतदारांनी स्वतःची संकेतस्थळे काढली. दुकान उघडले, पण ते कोणत्या आळीत आहे हे गिऱ्हाइकाला ठाऊक नाही! ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरीसह पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी परप्रांतीचा आंबा आपल्या नावावर खपतोच. गूगलच्या शोधात तो वर आणि आपण खाली असलो, तर मानांकनाचा कागद भिंतीवरच शोभायचा.

पहिला क्रमांक हमखास मिळवून देतो म्हणणारे लोक हल्ली फिरतात. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगल सांगते. ते पैसे वाचवा आणि 'गूगल सर्च कन्सोल' हे फुकट साधन घ्या. स्थळ आपलेच आहे हे एकदा सिद्ध केले की, लोकांनी काय विचारले तेव्हा आपले पान दिसले, कितीदा दिसले, किती वेळा उघडले गेले, हे सारे ते दाखवते. हिशेब १६ महिन्यांचा असतो. मे महिन्यात पाहिलेत तर गेला हंगामही समोर येतो. आपण लिहितो, 'आमची परंपरा'. गिऱ्हाईक विचारते, 'हापूस पेटी घरपोच'. आमच्या मते सारी मेख इथेच आहे. शब्द त्याचे, पान आपले, ते जुळवायचे.

'हापूस' लिहावे की 'अल्फान्सो'? तेही 'गूगल ट्रेंड्स'ला विचारता येते. मात्र त्यातला १०० हा आकडा माणसांचा नव्हे. शोध सर्वांत जास्त होता त्या वेळेचे ते माप आहे.

जड छायाचित्रांनी पान मोबाइलवर रखडते, ते 'पेजस्पीड इनसाइट्स' दाखवते. पुष्कळजण भाव, पत्ता, मानांकनाची नोंद, सारे एका चित्रातच रंगवतात. यंत्राची भिस्त अक्षरांवर. चित्र राहू द्या, पण तोच मजकूर खाली साध्या अक्षरांत लिहा.

नव्या पानाची गूगलकडे नोंद व्हायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तेव्हा हे काम आंबे उतरवण्याच्या घाईत काढू नये. मोहोर दिसला की लिहायला बसावे.