काकांच्या जबाबात काकांचा शब्द कुठं आहे?

(अक्राणी तालुक्यातल्या युवक शिबिरात केलेलं भाषण. बोलताना अर्धं पावरीत बोललो होतो, पत्रकासाठी मराठीत लिहून काढलं आहे.)



मला विषय दिलाय ‘भाषा आणि देश’. विषय फार मोठा आहे आणि मी बारावी शिकलेला माणूस. म्हणून घरापासून सुरुवात करतो.

मी दहावीत होतो तेव्हा आमच्या काकांच्या जमिनीची चौकशी लागली. काकांना मराठी येत नाही, म्हणून मला आश्रमशाळेतून बोलावून नेलं. साहेबांनी विचारलं, “अतिक्रमण केव्हा केलं?” आता अतिक्रमणाला आपल्या बोलीत शब्द कुठला? मी काकांना विचारलं, हे शेत कधीपासून खेडता? काका म्हणाले, खालचा तुकडा बापानं खेडलेला, वरचा मी खेडला. मोठा दुष्काळ पडला, सगळं गाव खडी फोडायला गेलं, त्याच्या आधीपासून. साहेब म्हणाले, साल सांगा. काकांना साल माहीत नाही. मला दुष्काळ म्हणजे मी पाहिलेलाच आठवला, आईबाप गुजरातेत ऊसतोडीला गेले तो. मी सांगून टाकलं, ८२. साहेबांनी लिहिलं, काकांनी अंगठा दिला.

खडी फोडायचा दुष्काळ १९७२ चा होता. तेव्हा १९८० च्या वनसंवर्धन कायद्याच्या आधीचं खेडणं असेल तरच विचार व्हायचा, नंतरचं असेल तर नाही. काकांचा अर्ज बाद झाला. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत.

पुढं मी त्या जबाबाची नक्कल मिळवली आणि पुन्हा पुन्हा वाचली. त्यात ‘मौजे’ आहे, ‘हुकूम’ आहे, ‘जबाब’ आहे. हे शब्द जुन्या बादशाही कारभारातले. ‘रिझर्व फॉरेस्ट’, ‘कंपार्टमेंट’, ‘रेंज’ हे गोऱ्या साहेबाचे. बाकी सगळी मराठी. “मी जंगल तोडून अतिक्रमण केले आहे,” असं काका म्हणतात. काका असं कधी म्हणालेच नाहीत! बाप नाही, खडी नाही, दुष्काळ नाही. तीन राज्यांची भाषा एका कागदावर आहे, आणि अंगठा तेवढा आमचा.

इंग्रजांनी १८१८ मध्ये खानदेश घेतला. १८२५ मध्ये भिल्लांची पलटण उभी केली, भिल्लांवर भिल्ल घातले. खाज्या नाईक लढले ते याच मुलखात. मग जंगलाचा कायदा आला, आधी १८६५, नंतर १८७८, नंतर १९२७. जंगल सरकारचं ठरलं, आणि बापाचं शेत खेडणारा गुन्हेगार. ४७ साली गोरा गेला, पण १९२७ चा कायदा आजही चालू आहे. गार्ड दंडाची पावती फाडतो ती त्याच्याच जोरावर. आणि ती पावतीच आज आपला पुरावा आहे, बरं का! कुठल्या साली आपण तिथं नांगर धरला होता, ते त्यांनीच लिहून दिलंय. पण वाचता येत नव्हती म्हणून आमच्या आजीनं कितीतरी पावत्या चुलीत घातल्या.

आता देशाचं बघू. भाषेवर राज्यं पाडली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, गुजरात झाला. मराठी माणसानं आपल्या भाषेच्या राज्यासाठी रक्त सांडलं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण सातपुड्यात आपण एकच माणसं, ती तीन राज्यांत वाटली गेली. माझी मावशी नर्मदेच्या पलीकडं दिली आहे. तिची पोरं गुजराती अक्षर शिकतात, मी मराठी. लग्नात भेटलो तर आपल्या बोलीत हसतो-भांडतो, पण एकमेकांची चिठ्ठी वाचता येत नाही. घटनेत कलम ३५०-क आहे. लहान भाषांच्या पोरांना सुरुवातीचं शिक्षण आईच्या भाषेत द्यायची सोय करा, असं ते सांगतं. १९५६ पासून आहे. माझ्या शाळेत बोली बोललं की गुरुजी छडी मारायचे. १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या यादीत कोकणी, मणिपुरी, नेपाळी आल्या. तेव्हा अठरा भाषा झाल्या. चांगलं झालं. भिली नाही, गोंडी नाही, त्या वेळी संथाळीही नव्हती.

पण सगळा दोष सरकारवर टाकून मी मोकळा होणार नाही. अक्राणीची पावरी आणि अक्कलकुव्याची देहवाली पुरती जुळत नाही. वारली साथी आले, गोंड साथी आले, की आपण मराठीतच बोलतो, कारण तीच सगळ्यांना थोडी थोडी येते. मराठी मला हवी आहे. तिच्यामुळंच तो जबाब मला वाचता आला. पण आपल्याच बैठकीत मराठी सुरू झाली की बाया गप्प बसतात, हे तुम्ही पाहिलंय का? मागच्या बैठकीत जंगलातल्या वाटांबद्दल बोलणं होतं. त्या वाटा सगळ्यांत जास्त त्यांना ठाऊक, आणि दोन तास बोललो आम्ही चार शिकलेले पोरं. एवढ्याशा संघटनेत हे होतं, तर देश किती अवघड असेल!

पुढच्या महिन्यात चौकशीवाले पुन्हा येणार आहेत. प्रत्येक पाड्यातून दोन शिकलेली पोरं तयार ठेवा. म्हातारा जे बोलेल ते आधी त्याच्याच बोलीत, आहे तसं वहीत लिहायचं, मराठी नंतर करायची. साल माहीत नसेल तर अंदाजानं सांगायचं नाही. कुठल्या तलावाच्या कामावर होता, कोण सोबत होतं, कोणाचं लग्न त्या साली झालं, ते विचारा आणि साल मग हिशोबानं काढा. साहेबांनी लिहिलेलं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून घ्या, मग अंगठा. पत्र्याच्या डब्यात, छपरात खोचलेले कागद असतील ते सगळे आणा, फाटके असले तरी.

काकांचा अर्ज आम्ही परत लिहिला आहे. या वेळी खडी फोडायला सोबत असलेले दोघं साक्षीला येतात. एकाला ऐकू कमी येतं, म्हणून मी जवळ बसून मोठ्यानं विचारणार आहे, पावरीत.