ग्रंथकर्त्याने आपले पुस्तक विकावे कसे?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात नागपूर येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय आमच्यावरच सोपविला. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि आयुष्यभराची मास्तरकी एवढीच आमची शिदोरी. तेव्हा पांडित्याचा विषय आम्ही घेत नाही. परंतु अलीकडे आपल्या समाजातील बरीच मंडळी स्वखर्चाने पुस्तके छापू लागली आहेत. कोणी कविता छापतो, कोणी वडिलांचे चरित्र, कोणी हातमागाच्या धंद्याची हकीकत. प्रकाशनाचा समारंभ होतो, हारतुरे होतात, शंभर प्रती आप्तेष्टांत वाटल्या जातात आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर जाऊन पडतात. मग दुसऱ्या पुस्तकासाठी ना पैसा उरतो, ना उमेद. म्हणून हा विषय आम्ही योजिला आहे.

सरस्वतीच्या उपासकाने आपला माल घेऊन बाजारात बसावे काय, असा आक्षेप पुष्कळ जण घेतात. आपण तर कोष्टी. विणणारा हात आणि बाजार ओळखणारी नजर यांची ताटातूट झाली, म्हणजे कष्ट विणकराचे आणि नफा मधल्याचा, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पुरते भोगलेले आहे. उत्तम लुगडे विणून ते विकण्यात जर कमीपणा नाही, तर चांगले पुस्तक लिहून ते विकण्यात तो कोठून येणार? महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ स्वतःच प्रसिद्ध केली. ज्याला आपले म्हणणे लोकांपर्यंत पोहोचवावयाचे असते, तो संकोच करीत नाही.

या बाबतीत सर्वांत मोठा धडा आपल्या नागपुराशीच निगडित आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकून आलेले विद्वान. जातिसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला होता. मराठीत ज्ञानकोश करावयाचा, हा त्यांचा ध्यास. राजाश्रय नव्हता, कोणी कुबेर पाठीशी नव्हता. त्यांनी १९१६ च्या सुमारास नागपूर येथे ‘ज्ञानकोशमंडळ’ ही मर्यादित जबाबदारीची कंपनी काढली, भागभांडवल जमविले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळविले. पुढे काम पुण्यास हलले. पहिला खंड १९२० साली निघाला आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत २३ खंडांचे कार्य पूर्ण झाले. या सर्व खटाटोपाचा इतिहासही त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने लिहून ठेविला. आधी वाचक आणि मग छापखाना, हे त्यांच्या यशाचे सूत्र होय. आपण नेमके उलट करितो.

केतकर धनवान झाले नाहीत. १९३७ साली ते वारले, तेव्हा त्यांचे अखेरचे दिवस विवंचनेत गेलेले होते. परंतु कार्य अर्ध्यावर राहिले नाही, ते या व्यवहारदृष्टीमुळेच. पुस्तक विकावयाचे ते श्रीमंत होण्यासाठी नव्हे, तर काम तडीस नेण्यासाठी.

दुसरा धडा असा की, जेथे वाचक आहे तेथे पुस्तकाने जावे. १९५५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ खेड्यापाड्यांत पोहोचली, ती भजनांतून आणि सामुदायिक प्रार्थनांतून. आणि दूर कशाला? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे धम्मदीक्षा दिली, त्या दीक्षाभूमीवर दरवर्षी पुस्तकांची दुकाने लागतात. दूरदूरचा गरीब मनुष्यही पदरचे पैसे मोडून तेथून पुस्तक घरी नेतो. वाचक नाही, अशी तक्रार करणाऱ्याने एकदा तेथे जाऊन उभे राहावे.

आता थोडे गणित. मास्तरांस त्यावाचून राहवत नाही. समजा, ५०० प्रतींस ५०,००० रुपये लागले आणि किंमत २०० रुपये ठेविली. विक्रेत्याने शेकडा ४० कमिशन घेतले, तर लेखकाच्या हाती १२० रुपये येतात. आता १०० प्रती फुकट वाटल्या आणि उरलेल्या ४०० पैकी एकूण एक प्रत दुकानातून खपली, तरी ४८,०००च हाती येतील. म्हणजे सर्व पुस्तक संपूनही २,००० रुपयांचा तोटा! उलट, लेखकाने हातोहात २५० प्रती विकल्या, तर मुद्दल मोकळे होते.

तेव्हा आमच्या सूचना थोडक्यात अशा. छापण्यापूर्वी वर्गणीदार नोंदवावे, त्यांस सवलत द्यावी, आणि पुस्तक निघाले नाही तर पैसे परत करावे. हल्ली पन्नास प्रतीही छापून मिळतात. पहिल्याच खेपेस हजार छापण्याचा हव्यास नको. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या केंद्र सरकारी संस्थेकडून विनामूल्य मिळतो, तो घ्यावा. १९५४ च्या कायद्यान्वये कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय व इतर ठरलेली ग्रंथालये यांस प्रती पाठवाव्या. स्वतः प्रकाशक होणाऱ्यास हे कर्तव्य चुकत नाही. मुद्रिते दुसऱ्याच्या डोळ्यांखालून घालावी, कारण अशुद्ध पुस्तक ही लेखकाचीच बदनामी. मोबाइलवर रोज ‘पुस्तक घ्या’ असा तगादा लावण्यापेक्षा आठवड्यास पुस्तकातील एक चांगले पान पाठवावे. शाळा, वाचनालये, मेळावे येथे जाऊन स्वतः वाचून दाखवावे.

परंतु लेखकाने एवढे सर्व करूनही अर्धे काम आपल्या हाती राहते. ओळखीच्या लेखकास भेटताच ‘आमची प्रत कोठे आहे?’ असे आपण हसत विचारतो. त्याच्या मागावरचे लुगडे आपण असे फुकट मागू काय? म्हणून या सभेपुढे आमची नम्र विनंती आहे: ज्ञातिबांधवाचे पुस्तक कोणीही फुकट घेऊ नये, प्रत्येक घराने वर्षास निदान एक पुस्तक विकत घ्यावे, आणि पुढील संमेलनापासून मंडपाच्या दाराशी आपल्या लेखकांसाठी एक मेज मांडावे, त्याचा हिशेब मंडळाने सभेस सादर करावा. जो समाज आपल्या लेखकाचे पुस्तक विकत घेत नाही, त्याची हकीकत लिहावयास पुढे कोणी उरत नाही.