सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी चौथीत असताना आमच्या अम्मीला क्षय झाला. त्या काळी दीड-दीड वर्ष औषध चालायचं. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं गोळ्यांची पुडी हातात देताना तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, ‘‘बाई, वेळेवर घ्यायच्या बरं का. घड्याळ तरी कळतं का तुम्हाला?’’ आमच्या घरात तेव्हा घड्याळ नव्हतंच. घरी आल्यावर अम्मी मला म्हणाली, ‘‘घडी नै तो क्या हुआ, अजान तो हैच ना!’’ फजरच्या अजाननंतर सकाळची गोळी, मगरिबच्या अजाननंतर संध्याकाळची. दीड वर्षात तिची एकही खेप चुकल्याचं मला आठवत नाही.

ही घरगुती गोष्ट मी विसरूनही गेलो होतो. ती आठवली एका परक्या देशातल्या अधिकाऱ्याचं जुनं विधान वाचताना. एका संस्थेसाठी मी एचआयव्हीविषयीची माहितीपुस्तिका सोप्या मराठीत लिहून देत होतो. मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. वैद्यकातलं मला ओ की ठो कळत नाही. पण त्या कामापायी आफ्रिकेच्या दक्षिण भागात झालेलं संशोधन वाचनात आलं आणि मी त्यात गुंतत गेलो.

ते विधान २००१ सालचं. अँड्र्यू नॅट्सिओस हे तेव्हा अमेरिकेच्या ‘यूएसएड’ या सरकारी मदतसंस्थेचे नवे प्रमुख होते. आफ्रिकेतल्या रुग्णांना एचआयव्हीची औषधं का देता येणार नाहीत, हे ते सांगत होते. रस्ते नाहीत, डॉक्टर नाहीत, हे मुद्दे खरेच होते. पण त्यांनी आणखी एक मुद्दा जोडला. ही औषधं ठरल्या वेळी घ्यावी लागतात आणि आफ्रिकेतल्या पुष्कळ लोकांना पाश्चात्त्यांची वेळच ठाऊक नाही. त्यांना सकाळ कळते, दुपार कळते, संध्याकाळ आणि रात्र कळते. दुपारी एक वाजता या म्हटलं, तर कळत नाही. असा त्या बोलण्याचा आशय होता. त्यावर गदारोळ झाला. मला मात्र आमचा कंपाउंडर दिसला.

आता त्याच वर्षाची दुसरी बाजू पाहा. एचआयव्हीच्या तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला पाश्चात्त्य कंपन्यांच्या भावानं वर्षाला दहा हजार डॉलर आणि त्याहूनही जास्त खर्च येई. फेब्रुवारी २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या ‘सिप्ला’ कंपनीचे युसुफ हमीद यांनी तोच उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. ‘मेदसाँ साँ फ्राँतिए’ या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेसाठी हा भाव होता. आपल्याकडच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर मक्तेदारी नव्हती, ती फक्त बनवण्याच्या पद्धतीवर होती. म्हणून हे जमलं. पुढे तीन औषधांची मिळून एकच गोळी आली. ती घ्यायची कशी? एक सकाळी, एक संध्याकाळी. म्हणजे नॅट्सिओससाहेबांच्याच म्हणण्याप्रमाणे जे आफ्रिकी माणसाला कळत होतं, नेमकं तेवढंच!

केपटाउनच्या बाहेर खायलित्शा नावाची मोठी वस्ती आहे. खोसा भाषेत या नावाचा अर्थ ‘नवं घर’. वर्णभेदी सरकारनं १९८० च्या दशकात कृष्णवर्णीयांना शहराबाहेर वसवण्यासाठी ती उभी केली. पत्र्याची खोपटी, वाळूची जमीन. मे २००१ मध्ये तिथल्या सरकारी दवाखान्यांत या संस्थेनं आणि प्रांताच्या आरोग्य विभागानं मिळून उपचार सुरू केले. पहिल्या २८७ रुग्णांचा अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. हे लोक आले तेव्हा त्यांच्या सीडी-४ पेशींची मध्यक संख्या होती ४३. निरोगी माणसात ती पाचशेच्या वर असते. एचआयव्ही याच पेशी खातो. म्हणजे माणसं मरणाच्या उंबऱ्यावर होती. दोन वर्षांनी त्यांच्यातले ८६ टक्के जिवंत होते.

गोळ्या घेण्याचं काय? केपटाउनच्याच संशोधकांनी २८९ रुग्णांवर केलेला अभ्यास २००३ मध्ये आला. त्यांनी रुग्णांनी परत आणलेल्या गोळ्या मोजल्या. तोंडी उत्तरावर विसंबले नाहीत. निम्म्या रुग्णांनी ९३.५ टक्के किंवा त्याहून जास्त गोळ्या घेतल्या होत्या. गरिबीनं फरक पडला नव्हता. बाई की पुरुष, यानंही नाही. फरक पडला तो दिवसातून तीनदा घ्याव्या लागणाऱ्या औषधानं, आणि भाषेनं! दवाखान्यातले लोक ज्या भाषेत बोलत, ती ज्या रुग्णांची होती त्यांच्या गोळ्या कमी चुकत होत्या. हे वाक्य मी तीनदा वाचलं. ज्याच्या घरात दखनी बोलतात आणि जो मराठीत लिहितो, त्याला दवाखान्यातली भाषा काय असते हे निराळं सांगावं लागत नाही. हे रुग्ण औषधांच्या चाचण्यांत दाखल झालेले होते, तेव्हा त्यांच्यावर लक्ष जास्त असणार, हेही खरं.

मग २००६ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. औषधं पुरेशी नियमित घेणारे रुग्ण उत्तर अमेरिकेत ५५ टक्के भरले आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ७७ टक्के. ‘बघा, आफ्रिकी माणूसच शिस्तीचा’ असं मी म्हणणार नाही. ते म्हणणं त्या कंपाउंडरच्या प्रश्नाचीच उलटी बाजू झाली. ज्यानं सोबतीची माणसं मरताना पाहिली आणि ज्याला औषध नुकतंच मिळालंय, तो ते जपून घेतो. खरी परीक्षा पुढे असते, पाचव्या वर्षी, दहाव्या वर्षी. तब्येत सुधारलेली असते, कामावर जायचं असतं आणि एका डबीसाठी दवाखान्याच्या बाकावर दिवस मोडतो.

खायलित्शात २००७ मध्ये यावर एक साधा उपाय निघाला. ज्यांची प्रकृती स्थिर आहे असे तीसेक रुग्ण एका गटात. त्याला ते ‘क्लब’ म्हणतात. दर दोन महिन्यांनी भेटायचं, वजन करायचं, काही त्रास आहे का ते सांगायचं, आधीच बांधून ठेवलेली आपली औषधाची पिशवी घ्यायची आणि घरी जायचं. तासाभराच्या आत सगळं. गट चालवणारा डॉक्टर नसतो, नर्सही नसते. वस्तीतलाच प्रशिक्षण घेतलेला समुपदेशक असतो. चाळीस महिन्यांनी क्लबातले ९७ टक्के लोक उपचारात टिकलेले होते, क्लबाबाहेरचे ८५ टक्के. अर्थात, क्लबात मुळात स्थिर रुग्णच घेतलेले होते, हा हिशेब मनात ठेवून हे आकडे वाचावेत.

मला सगळ्यात जवळची वाटली ती मोझांबिकच्या तेते प्रांताची तऱ्हा. तिथे दवाखाना लांब, वाटखर्च परवडत नाही. २००८ पासून तिथल्या रुग्णांनी सहा-सहा जणांचे गट केले. दर महिन्याला गावातच जमायचं, एकमेकांच्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि एकानं सहा जणांची औषधं घेऊन यायची. पुढच्या महिन्यात दुसऱ्यानं. आपली पाळी येते तेव्हा दवाखान्यात आपलीही तपासणी होते. आपल्याकडच्या भिशीसारखंच, फक्त पैशांऐवजी गोळ्या. पहिल्या सव्वादोन वर्षांच्या हिशेबात या गटांतले १३०१ लोक होते, त्यांतले ९७.५ टक्के उपचारात टिकले. तीस जण वारले. पत्ता लागला नाही अशी माणसं फक्त दोन.

एकमेकांच्या गोळ्या मोजायच्या, हे वाचून मी पुस्तिका बाजूला ठेवली. दर जुम्म्याला अम्मीच्या पुडीतल्या उरलेल्या गोळ्या मोजायचं काम माझ्याकडे असायचं. मला तेव्हा तो गणिताचा सराव वाटायचा.

या काळात दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनं काय केलं, ते दुःखद आहे. अध्यक्ष थाबो म्बेकी एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेत राहिले. औषधं उशिरा आल्यामुळे २००० ते २००५ या काळात तीन लाख तीस हजारांहून जास्त जीव गेले, असा हार्वर्डच्या संशोधकांचा अंदाज २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. झॅकी अख्मत हे केपटाउनच्या मुस्लिम समाजातले कार्यकर्ते स्वतः बाधित होते. सरकारी दवाखान्यात सर्वांना मिळेपर्यंत मी औषध घेणार नाही, असं म्हणून ते अडून बसले. नेल्सन मंडेला २००२ मध्ये त्यांच्या घरी जाऊन विनवून आले, तरी ऐकलं नाही. अखेर २००३ मध्ये त्यांनी औषध सुरू केलं. असा हट्ट करावा की नाही, यावर माझं मन अजून ठरलेलं नाही.

औषध पोचल्यावर काय होतं, ते क्वाझुलू-नाताळमधल्या एका ग्रामीण भागात मोजलं गेलं. तिथल्या प्रौढांचं अपेक्षित आयुर्मान २००३ मध्ये ४९ वर्षं होतं, २०११ मध्ये ते साडेसाठ झालं. आठ वर्षांत अकरा वर्षांचं आयुष्य वाढलं. त्याच २०११ मध्ये आणखी एक निष्कर्ष आला. नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांत जोडीदारांपैकी एक बाधित होता. त्यानं लवकर उपचार घेतले, तर त्याच्याकडून दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली. या अभ्यासात बोत्सवाना, मलावी, झिंबाब्वे, दक्षिण आफ्रिका होते आणि आपलं पुणेही होतं.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशांची मदत एकाएकी रोखली आणि १ जुलै २०२५ ला यूएसएड ही संस्थाच बंद झाली. दक्षिण आफ्रिकेत औषधांचा बहुतेक खर्च तिथलं सरकारच करतं. अमेरिकेचा पैसा एचआयव्हीच्या एकूण खर्चाच्या सतरा टक्क्यांच्या आसपास होता. ऐकायला थोडा वाटतो. पण त्या पैशातून पगार निघत होते ते समुपदेशकांचे, नोंदी ठेवणाऱ्यांचे, घरोघर जाणाऱ्यांचे. मोझांबिकचं तर याहून बरंच जास्त बाहेरच्या पैशांवर अवलंबून होतं. गोळ्यांची पिशवी दवाखान्याच्या फळीवर तयार असते. ठरल्या दिवशी न आलेल्या माणसाचं दार जो ठोठावायचा, त्याच्या भाषेत ‘का रे, बरा आहेस ना’ असं जो विचारायचा, त्याचीच नोकरी गेली आहे.