‘मारू नकोस’ असं सांगताना

नागपुरात नंदनवनला आम्ही राहतो. संध्याकाळी आमच्या गल्लीत मुलांचा क्रिकेटचा डाव रंगतो. दिवाळीच्या सुट्टीत आऊट की नॉट आऊट यावरून भांडण जुंपलं आणि माझ्या सात वर्षांच्या नातवानं दुसऱ्या मुलाच्या पाठीत बॅट घातली. फाटकाशी जमलेल्या मोठ्या मंडळींनी दोन मिनिटांत निकाल दिला, ‘‘हे सगळं त्या मोबाइलचं!’’ मलाही ते पटलं. मी नातवाला घरात आणलं, ‘‘पुन्हा कोणाला मारशील?’’ म्हणून दरडावलं आणि एक थोबाडीत दिली. तो म्हणाला, ‘‘आबा, मग तुम्ही कसं मारलं?’’

तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. या प्रश्नाचं उत्तर मात्र मला देता आलं नाही.

मुलं मारकुटी होतात ती कशानं? पडद्यावरच्या हाणामारीनं, की घरच्या वळणानं? १९६१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बांडुरा यांनी तीन ते सहा वर्षांच्या ७२ मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसानं हवा भरलेल्या बाहुल्याला बदडलं. पुढे त्या मुलांना बाहुल्याजवळ सोडलं, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांनी तसेच फटके मारले. १९६३ साली हेच चित्रफितीतून दाखवलं, तरीही मुलांनी नक्कल केली. म्हणजे पडदा निर्दोष नाही. आपल्याकडे १९९७ मध्ये दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झालं, तेव्हा गिरक्या घेणारी पोरं घरोघरी दिसत होती.

पण बांडुरांचा पुढचा प्रयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९६५ साली त्यांनी चित्रफितीचा शेवट बदलला. काही मुलांना मारणाऱ्याला शिक्षा झालेली दाखवली. त्या मुलांनी नक्कल कमी केली. मात्र ‘जे पाहिलं ते करून दाखवा, बक्षीस मिळेल’ म्हटल्यावर त्यांनीही ते करून दाखवलं! म्हणजे पाहिलेलं मूल शिकतंच. ते बाहेर येईल की नाही, हे मारण्याचा परिणाम काय होतो, यावरही अवलंबून असतं. बाहुला म्हणजे सवंगडी नव्हे, हे खरं. तरी एवढा धडा घ्यायला हरकत नाही.

आणि तो परिणाम मूल प्रथम पाहतं ते घरात. वडिलांनी आवाज चढवला की सगळे गप्प होतात, आजोबांनी हात उगारला की वाद मिटतो, हे त्याला रोज दिसतं. शिक्षण हक्क कायद्यानं २०१० पासून शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला मनाई आहे. घराच्या उंबरठ्याआत मात्र आपणच कायदा असतो.

आपल्याच नागपुरातलं उदाहरण सांगतो. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना पावसात झोपडपट्टीतली मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्यांनी त्यांच्या हाती फुटबॉल दिला. त्यातून २००१ मध्ये ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. २०२२ चा ‘झुंड’ चित्रपट याच कामावर बेतलेला आहे. पोरांच्या अंगातली रग तीच होती. तिला मैदान, नियम आणि रोज वेळ देणारा माणूस मिळाला.

म्हणून मोबाइल दूर ठेवाच, पण तेवढ्यावर थांबू नका. मूल काय पाहतं ते अधूनमधून शेजारी बसून पाहा. ‘त्याला लागलं असेल का रे?’ एवढं विचारा. आणि आपला राग आपण कसा आवरतो, ते त्याला दिसू द्या.

त्या रात्री मी नातवाला म्हणालो, ‘‘माझं चुकलं.’’ दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या मुलाच्या घरी गेलो. नातवानं माफी मागितली. त्याच्या आईनं चहा केला आणि पोरं बॅट घेऊन पुन्हा गल्लीत पळाली. भांडणं आजही होतात. पण माझा हात वर जाऊ लागला, की नातू माझ्याकडे नुसता पाहतो. मी हात खाली घेतो.