कार्लोवी वारी : एका झऱ्याचे वैभव

चेक प्रजासत्ताकाच्या पश्चिम भागात, वनराईने वेढलेल्या एका अरुंद दरीत कार्लोवी वारी नावाचे नगर वसले आहे. मराठी कानाला या नावातील ‘वारी’ ओळखीची वाटते. परंतु पंढरीच्या वारीशी तिचे काही नाते नाही. चेक भाषेत या शब्दाचा संबंध उकळण्याशी आहे, आणि ‘कार्लोवी’ म्हणजे कार्लची, अर्थात सम्राट चौथ्या चार्ल्सची. जर्मन भाषेत याच गावाला कार्ल्सबाड, म्हणजे चार्ल्सचे स्नानस्थान, असे म्हणत. दंतकथा अशी सांगतात की, शिकारीस निघालेल्या या सम्राटाचा एक कुत्रा हरणाचा पाठलाग करता करता कढत पाण्यात पडला आणि त्याच्या केकाटण्याने झऱ्याचा शोध लागला. कथा खरी असो वा नसो, १३७० साली चार्ल्सने या वस्तीला नगराचे अधिकार दिले, एवढे निश्चित. शब्दार्थाने नसली तरी व्यवहाराने मात्र पुढे येथे एक वारीच सुरू झाली. राजे आले, कवी आले, धनिक आले. सगळे आले ते पाणी पिण्यासाठी!

गावातून वाहणाऱ्या नदीचे नाव तेप्ला. त्याचा अर्थच ‘उबदार’. जर्मन लोक ज्याला श्प्रूडेल म्हणत, तो येथील मुख्य झरा सुमारे ७२ अंश सेल्सिअस उष्णतेचे पाणी कधीकधी बारा मीटर उंच उडवतो. एका मिनिटात सुमारे दोन हजार लिटर पाणी भूगर्भातून वर येते. या पाण्यात इतके क्षार विरघळलेले असतात की, त्यात काही दिवस ठेवलेल्या कागदी फुलावर दगडाचे तांबूस कवच चढते. अशी पाषाणपुष्पे आठवण म्हणून विकली जातात. मुख्य झऱ्याशिवाय कमीअधिक उष्णतेचे डझनभर झरे आहेत, आणि प्रत्येकाचे पाणी कोणी व किती प्यावे, याचा निर्णय वैद्याकडे असतो.

प्रारंभी येथील उपचार म्हणजे केवळ स्नान होते. रोगी तासन् तास गरम पाण्यात बसून राहत. त्वचा फुटेपर्यंत बसावे, म्हणजे रोग बाहेर पडतो, अशी समजूत होती. १५२२ साली वेन्झेल पायर या वैद्याने आपल्या ग्रंथात हे पाणी प्यावेही, असा सल्ला दिला. मग लोक पिण्याचाही अतिरेक करू लागले आणि दिवसाला डझनावारी पेले रिचवू लागले. अठराव्या शतकात डेव्हिड बेखर या वैद्याने या प्रकाराला शिस्त लावली. पाणी खोलीवर मागवू नये, झऱ्यापाशी जाऊन ताजे प्यावे, थोडे प्यावे आणि पिता पिता चालावे, हा त्याचा उपदेश होता. आज वरवर साधा वाटणारा हा नियमच या नगराच्या रचनेचा पाया ठरला. पिता पिता चालायचे, तर चालण्यास जागा हवी. पाऊस पडला, तर डोक्यावर छप्पर हवे. त्यातून स्तंभांच्या लांबच लांब ओवऱ्या उभ्या राहिल्या. योसेफ झीतेक या वास्तुशिल्पज्ञाने बांधलेली, १८८१ साली पूर्ण झालेली ओवरी १२४ स्तंभांची आहे. हातात चपटा चिनी मातीचा पेला, त्याच्या पोकळ दांड्यातूनच पाणी ओढून घ्यायचे, आणि संथ पावले टाकायची, हे दृश्य तेथे आजही दिसते.

ऐश्वर्य आणि संयम यांची अशी विलक्षण सोयरीक क्वचितच पाहावयास मिळते. घरी मेजवान्या झोडून यकृत बिघडलेले श्रीमंत येथे येत, उत्तमोत्तम हॉटेलांत उतरत आणि पहाटे उठून अनशापोटी कोमट, खारट पाणी पीत. पथ्य पाळण्यासाठी मोजलेले ते दाम होते! एका मिठाईवाल्याच्या घराण्याने उभारलेले पुप हे हॉटेल आजही येथील वैभवाचे प्रतीक मानले जाते. १८७० साली रेल्वे आली, १८९५ साली राजेशाही थाटाचे सम्राट-स्नानगृह उघडले, आणि पहिल्या महायुद्धापूर्वी, १९११ साली, पाहुण्यांची संख्या सुमारे ७१ हजारांवर गेली.

पाहुण्यांचा मानमरातब येथे कसोशीने पाळला जाई. एके काळी प्रतिष्ठित पाहुण्याची गाडी वेशीवर आली की, मनोऱ्यावरून तुतारी वाजे. पाहुण्यांची छापील यादी निघे, आणि नगरपालिका त्यांच्याकडून कर घेई. रशियाचा पीटर द ग्रेट १७११ व १७१२ साली आला. गटे १७८५ ते १८२३ या काळात तेरा वेळा आला. १८३५ साली शोपँ हा संगीतकार आपल्या आईवडिलांना येथे भेटला. पोलंड सोडल्यानंतरची ती पहिली भेट होती. तीच अखेरचीही ठरली. १८७४ साली लंडनहून ‘चार्ल्स मार्क्स’ नावाचे एक सद्गृहस्थ यकृताच्या विकारासाठी आले. यादीत त्यांनी स्वतःची नोंद स्वतःच्या उत्पन्नावर जगणारा गृहस्थ अशी करविली. त्यामुळे त्यांना दुप्पट कर पडला. पण हेच ते कुप्रसिद्ध कार्ल मार्क्स, असा संशय येऊ नये म्हणून भांडवलशाहीच्या या टीकाकाराने तो भुर्दंड सोसला. यादीत दर्जा होता, करातही दर्जा होता. झऱ्यापुढील रांगेत मात्र प्रत्येकाच्या हाती एकच पेला.

या नगराच्या मालकीचा इतिहास तितका निर्मळ नाही. शतकानुशतके येथील बहुसंख्य रहिवासी जर्मन भाषिक होते. १९३८ च्या म्युनिक करारानंतर हिटलरने हा प्रदेश गिळंकृत केला. ज्यूंची घरेदारे गेली. युद्ध संपल्यावर, १९४५–४६ मध्ये, जर्मन भाषिकांना हाकलून देण्यात आले आणि पिढ्यान् पिढ्या पाहुण्यांची खोली झाडणारी, त्यांच्यासाठी पाव भाजणारी कुटुंबे हाती लागेल ते सामान घेऊन निघून गेली. पुढे साम्यवादी राजवटीत हॉटेले सरकारजमा झाली. पुप हॉटेलचे नाव ‘मॉस्को’ झाले आणि जेथे सरदार उतरत, त्या नगरात कामगार संघटनांनी पाठविलेले मजूर उपचार घेऊ लागले. १९८९ नंतर जुने नाव परत आले, श्रीमंत रशियन पाहुणे आले. २०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर तेही आटले. २०२१ साली युनेस्कोने युरोपातील अकरा जलोपचार-नगरांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत हे एक आहे. मालक बदलले, पाहुणे बदलले, पाट्या बदलल्या. झऱ्याचे उकळणे थांबले नाही.

भारताचाही या नगराशी ऋणानुबंध आहे. व्हिएन्नात शस्त्रक्रिया झाल्यावर १९३५ साली सुभाषचंद्र बोस प्रकृतिस्वास्थ्यासाठी येथे राहिले होते. युद्धानंतर येथे सुरू झालेल्या चित्रपट महोत्सवात १९५८ साली ‘मदर इंडिया’तील भूमिकेसाठी नर्गिस यांचा गौरव झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५७ साली, महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक राज कपूर यांच्या ‘जागते रहो’ या चित्रपटाला मिळाले होते. त्याची कथा आठवावी. एक तहानलेला खेडूत महानगरात येतो, घोटभर पाण्याच्या आशेने एका मोठ्या इमारतीत शिरतो, आणि रात्रभर लोक त्याला चोर समजून त्याचा पाठलाग करतात. प्रतिष्ठितांची बंद दारे तो एकामागून एक पाहतो. पाणी मिळते ते पहाटे. पाण्यावरच ज्याचे सारे वैभव उभे राहिले, त्या नगरात पाण्याला पारख्या झालेल्या या माणसाचा सन्मान व्हावा, हा योगायोग विलक्षण खराच.

कार्लोवी वारीतील हॉटेलाच्या खोलीला आजही जबर दाम पडतो. स्तंभांच्या ओवरीतील झऱ्याचे पाणी मात्र कोणीही फुकट प्यावे. तेथे कोणी नाव विचारत नाही, दर्जा विचारत नाही. पेला तेवढा आपला आपण आणावा लागतो.