स्टार्टरची कॉईल : मोटारीची राखणदार



परवा एका विहिरीवर गेलो होतो. पंप चालू होता, पण स्टार्टरचं झाकण काढून आतला लोखंडी भाग लाकडाच्या पाचरीनं दाबून ठेवलेला! मालक म्हणाले, "साहेब, स्टार्टर सारखा पडतोय. भिजवण कसं उरकायचं?" अडचण खरी, पण उपाय जीवघेणा. तो कसा, ते पाहू.

स्टार्टरमध्ये बारीक तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे असलेली कॉईल असते. तारेतून वीज वाहिली की कॉईल लोहचुंबक बनते आणि लोखंडाला ओढते. वीज थांबली की चुंबकपणा जातो. लोखंड आत ओढणाऱ्या अशा कॉईलला सोलेनॉइड म्हणतात. ट्रॅक्टरची किल्ली फिरवल्यावर 'टक्' आवाज येतो, तोही याचाच. ठिबकचा आपोआप उघडणारा व्हॉल्व्हसुद्धा यावरच चालतो.

हिरवं बटण दाबलं की कॉईल लोखंड ओढते, पॉइंट जुळतात, मोटार चालू होते. लाईट गेली की स्प्रिंग पॉइंट सोडवते. म्हणून लाईट परत आल्यावर मोटार आपोआप सुरू होत नाही, आणि पंपाजवळ काम करणारा माणूस वाचतो. मोटार जादा ॲम्पिअर घेऊ लागली, तर रिले कॉईलची वीज तोडतो. पाचर मारली की या दोन्ही राखणी गेल्या! एक फेज गेला तरी मोटार तशीच गुरगुरत राहते आणि जळते.

मग स्टार्टर पडत असेल तर काय करावं?

१. व्होल्टेज पाहा. दोन फेजमध्ये ४१५ च्या आसपास हवं. ३७० च्या खाली असेल तर मोटार चालवू नका.

२. कॉईल घरघरत असेल, तर चुंबकाच्या तोंडावर धूळ किंवा गंज असतो. लोखंड पुरतं चिकटलं नाही, तर कॉईल जादा वीज ओढून जळते. मेन स्विच बंद करून, फ्यूज काढून, कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. तेल लावू नका.

३. रिले मोटारीच्या पाटीवरील ॲम्पिअरप्रमाणे लावा. तो मुद्दाम वाढवू नका.

४. कॉईल बदलताना तितक्याच व्होल्टची घ्या. काम जाणत्या वायरमनकडूनच करवून घ्या.

स्टार्टर पडतो, तेव्हा तो काहीतरी सांगत असतो. त्याचं तोंड पाचरीनं बंद करू नका. कारण शोधा. मोटार वाचेल, आणि माणूसही.